आजोबांचं ‘वा, छान’

एका नदीकाठच्या गावात कापड रंगवणारा एक म्हातारा रंगारी राहत होता. त्याचा मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. नात जन्मली तीही तिथेच. तिचं नाव अन्वी. रंगाऱ्याने तिला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. रविवारी फोनच्या काचेवर ती दिसायची, तेवढीच भेट. बायको गेल्यापासून घरात दुसरा आवाज नव्हता. रविवारची वाट तो सोमवारपासूनच बघायचा.

अन्वीला मराठी थोडं यायचं, रंगाऱ्याला इंग्रजी त्याहून थोडं. अडलं की ती इंग्रजीत शिरायची. एकदा म्हणाली, “आजोबा, परीक्षा पीस ऑफ केक होती.” परीक्षा अगदी सोपी गेली, एवढंच तिला सांगायचं होतं. पण परीक्षेत केक कुठून आला, हे रंगाऱ्याला कळेना. विचारलं तर आपण अडाणी ठरू, पोरगी कंटाळून फोन ठेवेल, ही भीती. म्हणून तो हसून म्हणाला, “वा, छान.” पुढे काहीही कळलं नाही की तो हेच म्हणायचा.

एका रविवारी अन्वीचा चेहरा उतरलेला होता. “आजोबा, आय अ‍ॅम फीलिंग ब्लू,” ती हळूच म्हणाली.

ब्लू म्हणजे निळा, हे रंगाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. सारा जन्म निळीत हात बुडवण्यात गेला होता. तो खुशीत म्हणाला, “वा, छान. निळ्यासारखा दुसरा रंग नाही बघ.”

अन्वीने लगेच फोन ठेवला.

पुढच्या रविवारी ती आलीच नाही. “खेळतेय, बाबा,” मुलगा म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

रंगाऱ्याला चैन पडेना. कापड रंगात बुडवायचा आणि काढायचं विसरायचा. शेवटी त्याने शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना गाठून विचारलं.

“काका, ती रंगाचं बोलत नव्हती,” बाई म्हणाल्या. “मन उदास आहे, असं सांगत होती.”

रंगारी तिथेच पायरीवर बसला. “आणि मी छान म्हणालो,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

रविवारी त्याने मुलाला सांगितलं, “अन्वीला जरा बोलव.” ती आली, पण मान खाली घालून.

“पोरी, तू उदास होतीस आणि मला समजलंच नाही. तुझं अर्धं बोलणं मला कळत नाही. मी कळल्यासारखं करत होतो. आता अडलं की विचारीन. सांगशील ना?”

अन्वीने मान वर केली. “माझी मैत्रीण लांब राहायला गेली,” ती म्हणाली. “मला तिची खूप आठवण येते.”

“येणारच. माझाही जीव तुटतो तुझ्यासाठी.”

“तुटतो?” ती घाबरली. “कुठे लागलं तुला? आणि जीव म्हणजे काय, आजोबा?”

रंगाऱ्याने छातीवर हात ठेवला आणि सांगायला लागला. तो सांगत होता, ती मधेमधे विचारत होती. बाहेर अंधार पडत आला, तरी दोघांपैकी कोणी फोन ठेवायचं नाव काढलं नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाचं बोलणं कळलं नाही, तर कळल्याचं सोंग करू नये. ‘म्हणजे काय?’ असं विचारणाऱ्यापाशीच माणूस मन मोकळं करतो.