सरदार झुंबररावांची खाज

धोंडजीराजांच्या माशाला खाज सुटली आणि अख्ख्या दरबाराची झोप उडाली!

मासा काही ऐरागैरा नव्हता हो! पुरुषभर लांब महाशीर, तळहाताएवढे खवले. राजेसाहेबांचा तो इतका लाडका, की गेल्याच महिन्यात त्यांनी त्याला चक्क सरदारकी बहाल केली. सरदार झुंबरराव! आणि सरदाराच्या तळ्यात चिल्लर कशाला, म्हणून तिथले सगळे बारके मासे त्याच दिवशी नदीत हाकलले. आता तोच झुंबरराव दिवसभर पायरीला अंग घासत होता. अंगभर उवा! हो, माशांनाही होतात, मसुराच्या डाळीएवढ्या चपट्या. खवल्याला चिकटल्या की सुटायचं नाव नाही.

खापर फुटलं तळं राखणाऱ्या राघू भोयावर.

"उद्या दिवस मावळायच्या आत खाज थांबली पाहिजे!" राजे कडाडले. "पाण्यात औषध टाकायचं नाही, ते देवीच्या पूजेला जातं. सरदाराला पाण्याबाहेर काढायचं नाही, त्याला दम लागतो. आणि परक्या कुणी त्याच्या अंगाला शिवायचं नाही! सरदार आहे तो. शिवेल तर फक्त रक्ताचं नातं! नाही जमलं तर राघूची होडी फोडून हत्तीखान्याच्या चुलीत घाला!"

होडी गेली म्हणजे राघूचं सगळंच गेलं. बिचारा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक केसर मात्र फिदीफिदी हसायला लागली.

"हसतेस काय गं भवाने?"

"बा, रक्ताचं नातंच पायजे ना? मग रडतोस कशापायी? आणते की!"

दुसऱ्या दिवशी तळ्यावर हीऽ गर्दी! कारभारी त्र्यंबकपंत आधीच हजर. त्यांनी जाळ्यात एक दांडगी मरळ आणली होती.

"महाराज, लांबीला लांब, जाडीला जाड! हाच सरदारांचा सख्खा भाऊ!"

मरळ पाण्यात सुटली आणि तिने पहिलं काम काय केलं? झुंबररावाची शेपटी कचकन धरली!

"काढा! काढा त्या भावाला!" राजे पायरीवर नाचायलाच लागले. मरळ बाहेर काढेपर्यंत पंतांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

मग केसर पुढे झाली. तिने घागर तिरकी केली, आणि बोटभर लांबीच्या पन्नास-साठ खवल्या मासोळ्या चुळूचुळू तळ्यात उतरल्या.

"अगं, ही तर मीच हाकललेली चिल्लर!"

"चिल्लर नाही जी, सरदारांची भाचरं हायेत!"

"पुरावा?" पंत ओरडले.

"मरळीचं तोंड उघडा पंत. दात दिसतात? आता सरदारांच्या कुळातल्या कुणाचंही तोंड उघडा, एक दात सापडायचा नाही. त्यांचे दात घशात!" केसरने पदराची गाठ सोडून एक वाकडं हाड राजांच्या हातावर ठेवलं. "हे महाशीराच्या घशातलं. मोजा जी."

राजांनी मोजलं. तीन ओळी. पाच, तीन, दोन.

"आणि हे खवलीच्या घशातलं." हे हाड तांदळाच्या कणीएवढं! राजांनी डोळे बारीक करून सुईच्या टोकाने मोजलं. पाच... तीन... दोन!

"अरे वा! पण पोरी, महाशीराचं हाड तुला मिळालं कुठून?"

केसरने मान खाली घातली. "तुमच्याच मुदपाकखान्यातनं जी. काल तुमच्या ताटात डोक्याची आमटी होती."

राजांना ठसकाच लागला! तेवढ्यात लोक ओरडले, "ते पाहा!" खवल्या झुंबररावाला चहूबाजूंनी बिलगल्या होत्या. टिपली ऊ, गिळली! टिपली ऊ, गिळली! कल्ल्यामागे, पोटाखाली, पंखाच्या मुळाशी. झुंबरराव डोळे उघडे ठेवूनच डुलक्या काढतोय असं वाटत होतं. दिवस कलला तरी तो पुन्हा पायरीकडे फिरकला नाही. राघूच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजे मात्र हट्टी! मिशी ओढत म्हणाले, "नातं मान्य. खाजही थांबली. पण एवढ्या थोर सरदाराच्या अंगावर ही टीचभर पोरं चढतात, हे शोभतं का? नाही शोभत! होडी फोडा!"

केसर हात जोडून म्हणाली, "फोडा जी. पण एकच सांगा. रोज दुपारी जेवून तुम्ही पालथे पडता, तेव्हा पाठ तुडवायला कुणाला बोलावता? सेनापतीला?"

राजांच्या दोन चिमुकल्या नाती सज्जातून बघत होत्या, त्या खुदकन हसल्या. धाकटी तर ओरडलीच, "आम्हाला! आजोबा म्हणतात, अजून वर, अजून वर, हांऽऽ तिथेच!"

मग राजांची मिशी थरथरली, पोट हललं, आणि ते असे हसले, असे हसले, की पायरीवर बसकण मारून पोट धरलं!

"हरलो पोरी, हरलो! राघूला नवी होडी द्या! भाचरांना तळ्यात कायमचा मुक्काम! आणि केसरला माशांचं कुळकर्णीपण, सालीना चोळी-बांगडी आणि दहा मण भातासकट! पंत, तुम्ही तिच्या हाताखाली दात मोजायचे!"

आणि मुदपाकखान्यात त्या रात्री भेंडीची भाजी शिजली.