खणातला गेम आणि टेबलावरचा मोबाइल

घरातल्या वस्तू माणसांच्या नकळत एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका टेबलाच्या खणात हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम राहत होता. जरा खुट्ट झालं की तो दचकायचा. घरातली मुलगी मैथिली आपल्याला पुन्हा खेळायला घेईल, एवढी एकच आशा त्याला उरली होती.

टेबलावरचा मोबाइल त्याला टोचायचा, "आजोबा, माझ्यात शंभर गेम आहेत. वर फोन, फोटो, बँक. तुम्हाला काय येतं?"

"खेळता येतं," गेम म्हणायचा. "आणि माझ्यातला खेळ मध्येच तुटत नाही, बाळा."

एका दुपारी मैथिली जिंकणार, इतक्यात मोबाइलवर साबणाची जाहिरात आली. "शी!" म्हणत तिने तो गादीवर फेकला आणि खण उघडला.

"बघितलंस?" गेम म्हणाला. "आली की नाही पोर!"

मैथिलीने गेमवरची धूळ फुंकली, त्याला पालथा केला आणि पाठीवरचं झाकण काढलं. नवे सेल घालतेय, असं वाटून गेमने श्वास रोखला. तिने आतले दोन्ही सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आणि झाकण न लावताच खण ढकलून दिला.