वीतभर कोऱ्या धाग्यांचा शेला

आसनपूरच्या ताणाईदेवीच्या खांद्यावरचा रेशमी शेला पाहिला, की नवखा माणूस हमखास विचारतो, “उंदरांनी कुरतडला का हो?” कारण शेल्याच्या एका टोकाचे सुटे धागे अगदी सारखे आहेत आणि दुसऱ्या टोकाचे कुठे लांब, कुठे आखूड. देवळाच्या पायरीवर बसलेले कोंडाजीतात्या कोष्टी मग जरा सरकून जागा करतात. “बसा. उंदरांना कशाला बोल लावता?”

फार मागे या गावात भिवसन नावाचा कोष्टी होता, असे सांगतात. बायको देवाघरी गेलेली, घरात एकुलती लेक सगुणा. नवरदेवाच्या खांद्यावर भिवसनच्या हातचा शेला नसला, तर वऱ्हाडी नाक मुरडत. हात असा, पण डोके घोळाचे. डोक्यावरची पगडी घरभर शोधणारा माणूस तो.

सगुणेचे लग्न ठरले आणि पोर तापाने अंथरुणाला खिळली. भिवसनने ताणाईला नवस केला, “आई, लेक उठू दे. जावयाच्या शेल्यासंगं त्याच ताण्यावर तुझाही शेला विणीन. तुझा विणताना मनात तुझ्याबिगर कुणी येणार न्हाई.”

एकाच ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या त्याच उभ्या धाग्यांवर, दोन शेले विणायची रीत जुनीच. दोहोंच्या मध्ये वीतभर धागे न विणता कोरे सोडायचे आणि शेवटी तिथे कात्री लावायची. पहिला शेला देवीचा, असे ठरवून भिवसन अंघोळ करून मागावर बसला. पण पाठीमागे लेक कण्हत होती. धोटा इकडून तिकडे जाई आणि याचे कान तिच्या श्वासाकडे. अख्खा शेला लेकीच्या काळजीत विणून झाला. मग जावयाचा शेला लावला, तर सगुणेचा ताप उतरला. आता त्याला देवीवाचून काही सुचेना. डोळे भरून यायचे, हात चालत राहायचे. जावयाची एकदाही आठवण झाली नाही म्हणे.

दोन्ही शेले झाले. भिवसनने कात्री उचलली आणि तो तसाच उभा राहिला. देवीचा म्हणून विणला त्यात लेक होती, जावयाचा म्हणून विणला त्यात देवी. मग देवीचा कोणता? चुकीचा वाहिला तर नवस फसणार, आणि फसलेला नवस लेकीवर उलटणार. त्याने गुरवाला विचारले. गुरव सकाळी म्हणाला पहिला, दुपारी म्हणाला दुसरा, आणि संध्याकाळी भिवसनला येताना पाहून मागच्या दाराने निघून गेला.

लग्नाचा दिवस उजाडला तरी कापड अखंडच. तेव्हा सगुणेने ते देवळात नेले. एक शेला देवीच्या खांद्यावर घातला, दुसरा नवऱ्याच्या. मधले कोरे धागे स्वतःच्या खांद्यावर घेऊन ती उभी राहिली.

“आबा, दोन्ही माझ्यापायीच विणले न्हवं? मग मी मधी हाय. लागू द्या लग्न.”

लग्न लागले, पण वरात निघेना. कापड तोडल्याशिवाय नवरदेव गाव सोडणार कसा? भिवसन रोज कात्री घेई, रोज खाली ठेवी. वऱ्हाडाने पाच दिवस मुक्काम ठोकला. वराचे मामा रोज कुरकुरत आणि रोज पुरणपोळी तिसऱ्यांदा मागून घेत.

पाचव्या दिवशी सगुणा बापाजवळ बसली. “आबा, खरं सांगा. द्येवीचा शेला कळंना म्हून कात्री चालंना, का मी जाणार म्हून?”

“त्येच तर मला कळंना, पोरी,” भिवसन म्हणाला आणि लहान लेकरासारखा रडला.

सगुणेने त्याच्या हातून कात्री घेतली, डोळे मिटले आणि कापले. धागे वेडेवाकडे तुटले. देवीच्या खांद्यावर जो शेला होता तो देवीकडे राहिला. सगुणा नातवंडांची लग्ने पाहून गेली, असे सांगतात. पण देवीकडे राहिला तो शेला खरा देवीचाच का, हे भिवसनला मरेपर्यंत उमगले नाही.

आजही आसनपूरच्या लेकीचे लग्न देवीसमोर अखंड शेल्यात लागते. जावई पाच दिवस हलत नाही. पाचव्या दिवशी बाप कात्री हातात धरून विचारतो, “देवीचा कोणता?” त्यावर कोणी बोलायचे नाही, अशी रीत आहे. लेक त्याच्या हातून कात्री घेते आणि डोळे मिटून कापते.

देवीच्या अंगावर आता आहे तो तात्यांच्या धाकटीच्या लग्नातला. तिघी लेकींच्या वेळी तात्यांनी तो प्रश्न विचारला आहे.

“मग तुम्हाला तरी कळलं का, तात्या?” कोणी तरी विचारतेच.

तात्या उठून देवीपाशी जातात आणि शेल्याच्या त्या लांब-आखूड धाग्यांवरून हात फिरवतात. “थोरलीच्या वेळी वाटलं, कळलं. पण मग ती गाडीत बसली.”