रोलरबाबाचं कवच

कातळगावात शिरताना डाव्या हाताला एक कडुलिंब होता आणि त्याच्या सावलीत एक देव बसलेला होता. हा देव लोखंडाचा होता. त्याला पुढे एक भलामोठा रूळ, मागे दोन उंच चाकं, मधे इंजिन आणि डोक्यावर उभं धुराडं होतं. कुठल्याशा काळी घाटरस्ता करायला आलेला तो रोलर. काम संपलं, ठेकेदार गेला, रोलर मात्र गावातच राहिला.

सुरुवातीची वर्षं त्यानं गावाचं खूप काम केलं. खळी दाबली, शाळेचं मैदान सपाट केलं, तळ्याचा बांध घट्ट केला. गाव कृतज्ञ होतं. खंडेनवमीला घराघरातले कोयते, नांगर, शिवणयंत्रं पुजली जात, तसा रोलरही पुजला जाई. सगळ्यात मोठा हार त्याला. पुढे पुढे हार पुरेना. कुणी शेंदूर लावला, कुणी वरून निळा ऑइलपेंट दिला, पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा शेंदूर. नारळ फोडायचा तो इंजिनावरच. पाणी झिरपायचं ते आतच.

एका वर्षी रोलर सुरू झाला नाही.

"बाबा समाधीत गेले," भिकू गुरव म्हणाला. लोकांनी हात जोडले. त्या दिवसापासून तो रोलरबाबा झाला आणि त्याला काम सांगायची सगळ्यांना लाज वाटू लागली.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका पावसात तळ्याचा जुना बांध फुटला आणि तळं रिकामं झालं. ओढ्यावरचा पूलही त्याच पुरात खचला. उन्हाळाभर बायका डोंगरापलीकडून पाणी आणत होत्या. पाण्याचा टँकर पुलावरून येईना. काही घरांना कुलपं लागली. उरलेल्यांनी कंबर कसली आणि श्रमदानानं नवा मातीचा बांध उभारायला घेतला. माती पडली, पण भुसभुशीत. ती थराथरानं दाबली नाही तर पहिल्याच लोंढ्यात वाहून जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बैल फिरवून झाले. माणसं नाचून झाली. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. तालुक्याहून रोलर मागवावा, तर त्याला पूल झेपणार नव्हता.

पावसाळा तोंडावर आला. गावसभा कडुलिंबाखालीच भरली, कारण तेवढीच सावली.

सरपंच दौलतनाना म्हणाले, "मी भंगारवाल्याशी बोललोय. हा रोलर तोडून नेतो म्हणतो. त्या पैशात पूल होईल. पुढच्या वर्षी तालुक्याचा रोलर आणू."

"आणि या वर्षी?" मागून कुणीतरी विचारलं.

"या वर्षी देवाची मर्जी."

"त्याच देवाला तोडायला निघालात की," भिकू गुरव उठून उभा राहिला. "बाबांना हात लावाल तर याद राखा."

"गुरवा, लोखंड आहे ते."

"नाना, तुमच्या लग्नात इथंच पाया पडला होतात."

झालं. अर्धी सभा लोखंडाच्या बाजूची, अर्धी देवाच्या बाजूची. आवाज चढले. गावात पिठाची गिरणी चालवणारी सगुणा तिथं कडेला उभी होती, काखेत तान्ही मुलगी घेऊन. सगुणा शिकलेली होती, पण स्वतःच्या बोलण्यावर तिचा कधीच फारसा विश्वास नसे. गिरणीचा पट्टा दोनदा तपासून ती तिसऱ्यांदा तपासायची. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. त्यावरून शेजारणी हसायच्या. तिलाही ते कळायचं, पण बोट पुन्हा जायचंच.

ती चाचरत म्हणाली, "मी काय म्हणते... माझं चुकतही असेल. पण याला इतक्या वर्षांत कुणी तेल दिलंय का?"

"दर शनिवारी देतो," गुरव तोऱ्यात म्हणाला.

"कुठं?"

"समोरच्या दिव्यात."

कुणीतरी फिसकन हसलं. सगुणा हसली नाही. "माझी गिरणी मी रोज सकाळी तेल पाजल्याशिवाय सुरू करत नाही. एक दिवस विसरले तर कुरकुरते. हा इतकी वर्षं उपाशी आहे. मेला की नुसता रुसलाय, ते तरी बघू."

दौलतनाना कंटाळले होते. "भंगारवाला अमावास्येला येणार. तोवर बघ काय बघायचं ते. पण सूनबाई, आधीच सांगतो, कामाची माणसं बांधावरून सोडणार नाही."

 आपण हे कशाला बोललो, असं सगुणाला घरी जाताना झालं. पण आता सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन रोलरपाशी गेली, तर गुरव आडवा. "देवाला खुरप्यानं खरवडणार तू?"

आता काय करावं? जबरदस्ती करावी तर निम्मं गाव उलटेल. परत फिरावं तर अमावास्या काही थांबायची नाही. सगुणानं त्या शेंदराकडे नीट पाहिलं. बोटभर जाड थर साचला होता, ठिकठिकाणी तडकलेला.

"मामा," ती म्हणाली, "वेशीवरच्या मारुतीचं शेंदराचं कवच जड झालं की तुम्ही काय करता?"

"कवच उतरवतो. वाजतगाजत नेऊन नदीत सोडतो. आतून मूळ मूर्ती निघते."

"मग बाबांचं कवच किती वर्षांत उतरवलं नाही?"

 गुरवानं शेंदरावरून हात फिरवला. मग पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "खुरपं इकडे दे. हे काम माझं आहे."

कवच उतरलं. शेंदूर, त्याखाली निळा रंग, त्याखाली पुन्हा शेंदूर. पोपडे परातीत भरून गुरवानं स्वतःच्या डोक्यावरून ओढ्यापर्यंत नेले आणि जेमतेम उरलेल्या डबक्यात सोडले. परत येऊन पाहतो तर इंजिनाच्या अंगावर जागोजागी झाकणाची बारीक भोकं दिसत होती. तेल घालायची. सगळी रंगानं बुजलेली.

"याला तर तोंडं आहेत गं," गुरव पुटपुटला. "आणि आम्ही दिव्यालाच तेल घालत बसलो."

ती भोकं दाभणानं मोकळी केली. टाकी धुतली. कुजलेल्या नळ्या काढून नव्या बसवल्या. इंजिनाच्या डोक्यावरचं बूच काढून आत डिझेल ओतलं, कारण आतलं सगळं गंजून एकमेकांना घट्ट धरून बसलं होतं. इंजिन ज्यानं फिरतं ते त्याच्या बाजूचं मोठं चाक हलवून पाहिलं. ते डोंगरासारखं उभं.

"मुरू दे," सगुणा म्हणाली.

गावाला मुरू देण्याची सवय नव्हती. लोहारकाका घण घेऊन आले. "एक ठोका घालतो. सुटेल नाहीतर तुटेल."

"तुटलं तर जोडणार कोण, काका? झोपलेल्या लेकराला कुणी घणानं उठवतं का?"

तालमीतले पैलवान आले. म्हणाले, दोर बांधतो, बैलजोड्या लावतो, ओढून काढतो. सगुणा चाकाला पाठ लावून उभी राहिली.  हे सगळे बरोबर असतील आणि आपणच चुकत असू, असं तिला दर क्षणाला वाटत होतं. पण तिला एवढंही ठाऊक होतं की घाई चुकली तर ती परत घेता येत नाही. वाट पाहणं चुकलं तर फक्त हसू होतं. हसणं तिला नवं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. एवढंच.

रोज सकाळी गिरणीला तेल पाजून झालं की ती मुलीला झोळीत टाकून कडुलिंबाखाली यायची. थोडं डिझेल ओतायची, चाकाला दोन्ही हात लावून पुढे रेटायची, मागे ओढायची. भिकू गुरव दुसऱ्या बाजूनं. लोक पाणी आणायला जाताना बघायचे. "काय, बाबा डोलले का?" म्हणायचे. बाबा डोलत नव्हते.

मग एका सकाळी चाक नखभर सरकलं. गुरवाला वाटलं भास झाला. पुन्हा रेटलं, पुन्हा सरकलं. गावाला यातलं काही कळलं नाही, कारण त्या दोघांनी कुणाला सांगितलंच नाही. दृष्ट लागेल, गुरव म्हणाला. सगुणाचा दृष्टीवर विश्वास नव्हता, तरी तीही गप्प राहिली. नखाचं बोट झालं, बोटाची वीत झाली आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या चाकानं एक अख्खी फेरी घेतली.

अमावास्या उजाडली. भंगारवाला आला. लोखंड कापायची टाकी आणि नळी बैलगाडीत घालून त्यानं ओढा ओलांडला होता. सगळं गाव जमलं.

"एकदा हँडल मारून बघू द्या," गुरव म्हणाला.

"बघा," भंगारवाला म्हणाला. "मला घाई नाही. लोखंड कुठं पळतंय?"

तेच पैलवान हँडलला भिडले. चाक गरगर फिरलं. इंजिन एकदा खोकलं. सगळ्यांनी श्वास रोखला. इंजिनानंही रोखला. पुन्हा हँडल, पुन्हा एक खोकला, पुन्हा शांतता. पैलवानांच्या अंगाचं पाणी पाणी झालं. दौलतनानांनी मान हलवली. "पुरे. खूप केलंस, सूनबाई. आता त्यांना त्यांचं काम करू दे."

भंगारवाल्यानं नळीच्या तोंडाशी काडी ओढली. निळी ज्योत फुसफुसू लागली.

सगुणाला काही सुचेना. तिनं मुलगी गुरवाच्या हातात दिली आणि रोलरवर चढली. जे तिला येत होतं तेच तिनं केलं. "एकदाच फिरवा," म्हणाली आणि धुराड्याच्या तोंडावर बोट धरलं, लेकीच्या नाकाखाली धरायची तसं.

चाक फिरलं. बोटाला वारा लागला नाही.

"याचा श्वास कोंडलाय," ती म्हणाली. "धुराड्यात काय आहे?"

 सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि मग खाली बघू लागले. धुराड्यात काय आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. बाबाला नवस बोलायचा तो काहीतरी वस्तू धुराड्यात टाकून. आत गेलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून नवस गुप्त राहतो, अशी गावाची समजूत. त्यात हात घालायचा नाही, हा गावाचा नेम.

"नवसात हात घालू नये, पोरी," गुरव दबक्या आवाजात म्हणाला.

"मामा, नवसानंच याचा गळा दाबलाय. हा ते पुरे करणार कसा?"

आणि तिनं लांब आकडा आत घातला. निघाले ते खण, सुपाऱ्या, कुजकी लिंबं, पोर व्हावं म्हणून वाहिलेले लाकडी पाळणे, खटला जिंकावा म्हणून गुंडाळून टाकलेलं लाल फडकं. दौलतनानांनी ते फडकं पटकन उचलून खिशात घातलं. शेवटी एक हिरव्या खणात बांधलेली सुपारी निघाली. ती सगुणाचीच होती. लेकीला ताप आला होता तेव्हाची. तिनं ती पदरात बांधली.

"आता," ती म्हणाली.

पैलवानांनी हँडल मारलं. फट. थांबलं. फट, फट. धुराड्यातून काजळीचा एक काळा गोळा उडाला आणि भंगारवाल्याच्या पांढऱ्या टोपीवर बसला. फट, फट, फट, फट. कडुलिंबावरचे कावळे उडाले. रोलर थरथरला, हुंकारला आणि तालात आला. गुरवाच्या हातातली मुलगी दचकून रडायच्या ऐवजी हसायला लागली.

भंगारवाल्यानं ज्योत विझवली. टोपी झटकली. दौलतनाना म्हणाले, "बोलणं झालं होतं आपलं, पण आता रोलर देता येणार नाही. तुमची फेरी फुकट गेली."

"नाना, मी मेलेली यंत्रं तोडतो," तो म्हणाला. "जित्याला आम्ही हात लावत नाही. आमच्याही धंद्याला धर्म आहे." आणि गाडीतली तेलाची बुधली काढून त्यानं सगुणापुढे ठेवली. "ही राहू द्या. आता याला लागेल."

आता चालवणार कोण, असा प्रश्न आला. तेव्हा सरपंच घसा खाकरून पुढे झाले. "लहानपणी ड्रायव्हर मला शेजारी बसवायचा. दांडे माहिती आहेत मला." ते वर चढले. इतक्या वर्षांत गावानं नानांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

रोलर बांधावर गेला. माणसांनी माती पसरायची, पाणी शिंपडायचं, रोलरनं दाबायचं, पुन्हा माती. जिथं पाय रुतत होते तिथं टाचेचा ठसा उठेना. शेवटचा थर दाबून झाला त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. पाऊस मन लावून पडला. डोंगराचं सगळं पाणी लोंढ्यानं येऊन बांधाला धडकलं, मागे फिरलं, पुन्हा धडकलं. बांध तसूभर हलला नाही. सकाळी तळं काठोकाठ भरलेलं होतं. सांडव्यावरून पाणी वाहत होतं आणि कुलपं लावून गेलेल्या घरांना निरोप धाडायला माणसं निघाली होती.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. लोक हार, नारळ, शेंदूर घेऊन आले. भिकू गुरव रोलरसमोर उभा होता. हातात घंटा नव्हती, तेलाची बुधली होती.

"नारळ त्या दगडावर फोडा," तो म्हणाला. "शेंदूर घरी न्या. हार घालायचा त्यानं आधी एका तोंडात तेल घालायचं."

दौलतनाना रांगेत पहिले होते. सगुणा शेवटी आली. सगळी झाकणं नीट बसली आहेत ना, हे तिनं एकदा तपासलं, मग दोनदा, मग जाता जाता तिसऱ्यांदा. या वेळी कुणी हसलं नाही.

तात्पर्य हेच: जुनं झालं म्हणून मोडीत काढू नये आणि थोर आहे म्हणून नुसतं पुजूही नये. त्याची निगा राखावी आणि त्याला काम द्यावं. त्याचा खरा मान त्यातच आहे.