आधी हात, मग बांगडी

हं म्हणा रे पोरांनो. कुणी हं म्हटल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

फार वर्षांपूर्वी, खैरओढ्याला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, गावात बांगड्या यायच्या त्या राही कासारणीच्या खांद्यावरून. राहीचा नवरा पटकीनं गेला, तेव्हा ती कोवळी पोर होती. मागं राहिली नवऱ्याची बांगड्यांची माळ. तिनं ती खांद्यावर टाकली आणि गावोगाव हिंडायला लागली. बायकांचे हात हिरवेगार करायची, आणि तिचे स्वतःचे हात मात्र कोपरापर्यंत मोकळे. तेव्हाची रीतच तशी होती. काही घरं तिला दारातूनच परत पाठवायची. पण जिनं एकदा तिच्याकडून बांगड्या भरून घेतल्या, ती दुसऱ्या कुणाकडं जायची नाही. कारण राहीच्या हातून बांगडी कधी वाढत नसे. बांगडी फुटली म्हणायचं नाही बरं का, वाढली म्हणायचं.

तिची एक तऱ्हा होती. बाई समोर बसली की राही आधी बांगडी उचलायचीच नाही. नुसता हात हातात घ्यायची, अंगठ्याचं मूळ हळूहळू चेपायची आणि गप्प बसायची. मग समोरची आपोआप बोलायला लागायची. आधी पाऊसपाण्याचं, मग घरातलं, मग अगदी आतलं. राही म्हणायची, "हं." तेवढंच. शहाणपण शिकवणं नाही, 'माझंही असंच झालं' म्हणणं नाही, आणि या दारचं त्या दारी नेणं तर नाहीच नाही. बोलता बोलता हात लोण्यासारखा व्हायचा आणि बांगडी कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही. असं म्हणतात, की ज्या घरात कुणाच्या मनात फार काही साठलेलं असेल, त्या घरासमोर तिच्या माळेतल्या बांगड्या वारा नसताना वाजायच्या.

अशाच त्या एकदा कोंडाबाईच्या दारात वाजल्या.

कोंडाबाईची सून सगुणा सातव्यात होती. डोहाळजेवण करून तिला बाळंतपणाला माहेरी धाडायचं, पण हिरवा चुडा काही चढेना. शेजारगावचा कासार बसला, तर बांगडी वाढली. पुन्हा भरली, पुन्हा वाढली. पोरीची उजवी मूठच अशी आवळलेली, की बोटं उलगडेनात. बायका कुजबुजायला लागल्या, पहिलं मूल गेलं, आता हे लक्षण. कोंडाबाईनं तर सांगूनच टाकलं, "चुड्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई. माहेर बिहेर काय न्हाई!" आणि सगुणाचा जीव तर तिच्या आईपाशी अडकलेला.

राहीला दारात बघून कोंडाबाई म्हणाली, "तू? आता तेवढंच ऱ्हायलं हुतं बघ!"

"भरत न्हाई मावशी," राही म्हणाली. "नुसता हात बघते."

ती बसली. सगुणाची मूठ तिनं दोन्ही हातांत घेतली. सगुणा खाली बघत राहिली आणि बोलली कोंडाबाई, "ती न्हाई बोलायची. घुमी हाय. खायला घालते, प्यायला घालते, आन् तोंड बघ कसं केलंय! मीच सांगते तुला..."

"मावशी," राही म्हणाली, "हात तुमचा न्हाई धरलेला."

कोंडाबाईला असं कुणी कधी बोललं नव्हतं. ती फणकाऱ्यानं भिंतीला टेकली आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला लागली.

ऊन अंगणातून ओसरीवर आलं. चुलीवरची आमटी आटली. गोठ्यात वासरू हंबरून हंबरून गप्प झालं. राही हलली नाही.

मग सगुणा म्हणाली, "तिचं नाव मी ठिवलं हुतं."

"हं."

"मैना. कुणी इचारलंच न्हाई. सकाळी आली, सांजंला गेली. समदी म्हनली, जाऊ दे, दुसरं हुईल. म्हंजी ती आलीच नव्हती व्हय?"

"हं."

"तिनं माझं बोट धरलं हुतं. लोकांनी सोडवून घेतलं. मी मूठ उघडली, तर तेवढंबी जाईल."

"हं," राही म्हणाली.

पण ह्या वेळी हं दोन आले. दुसरा भिंतीकडून. सूप कलंडलं होतं, तांदूळ जमिनीवर सांडले होते. कोंडाबाई उठली, सुनेजवळ येऊन बसली आणि तिचा दुसरा हात धरून म्हणाली, "माझ्या दोन हुत्या. मला तर नावं ठिवायचंबी सुधरलं न्हाई."

आणि सगुणा सासूला म्हणाली, "हं."

मग मूठ उघडली. असं म्हणतात, की राहीनं बांगडी भरलीच नाही. माळेतल्या बांगड्या आपणहून उतरल्या आणि सगुणाच्या मनगटावर जाऊन बसल्या, एकसुद्धा वाढली नाही. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण झालं, आणि कोंडाबाई स्वतः सुनेला माहेरी पोचवून आली. वाटभर दोघी बोलत होत्या म्हणे.

पुढं सगुणा स्वतः सासू झाली. राही थकली, तरी यायची. एकदा आली तेव्हा सगुणानं माळ उतरवून खुंटीला अडकवली आणि तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला.

"राहीमाय, आज तू बोल."

"मला मेलीला काय बोलायचं असतंय गं?" राही हसली.

सगुणा तिच्या अंगठ्याचं मूळ चेपत बसली. मग राही बोलायला लागली. काय बोलली ते सगुणानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दिवेलागण झाली, सुनेनं दिवा आणला आणि तिथंच थबकली. राहीच्या हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. सगुणा म्हणायची, मी भरल्या नाहीत. खुंटीवरची माळ मात्र अर्धी झाली होती. असं म्हणतात.

आजही खैरओढ्यात कासार आला की आधी पेटी उघडत नाही. जिला बांगड्या भरायच्या तिचा हात घरातली एक जण धरून बसते, बाकीच्या बाहेर जातात, आणि बसणारीनं हं शिवाय काही बोलायचं नाही. ह्याला राहीची घटका म्हणतात. आणि नवरा असो नसो, आमच्या गावात कुठल्याच बाईचा हात मोकळा ठेवत नाहीत. बाहेरचे नावं ठेवतात, ठेवू देत.

मागं एक नवा कासार आला होता. माझं कपाळ बघून म्हणाला, "आजी, तुम्हाला कशाला बांगड्या?"

म्हटलं, "आधी हात धर बाबा, मग सांगते."

बसला बिचारा दिवेलागणीपर्यंत, हं हं करत.