हौसा कासारणीचा दुसरा हात

एका गावात एक हाडवैद्य होते, आणि गावही असं, की हाडवैद्यावाचून त्याचं पान हलू नये. गाव वसलेलं डोंगराच्या उतारावर. वाटा म्हणजे नुसत्या दगडी पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या. वर राहणाऱ्यांची विहीर खाली, खाली राहणाऱ्यांचं देऊळ वर. त्यामुळे रोज कोणी ना कोणी घसरायचं, आणि घसरलं की लोक त्याला उचलून थेट दाजीबा वैद्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवायचे.

दाजीबांच्या हाताला यश होतं. उगाच खोटं कशाला बोला? हाड बसवावं तर त्यांनीच. लेप लावायचा, बांबूच्या कामट्या बांधायच्या, आणि थोड्या दिवसांत माणूस पुन्हा पायऱ्या चढायला मोकळा, म्हणजे पुन्हा पडायलाही मोकळा! सारं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. आता उठता बसता कोणी देवमाणूस म्हणायला लागलं, की माणसालाही हळूहळू ते पटायला लागतं. त्याला दाजीबा तरी काय करणार?

त्याच गावात हौसा कासारीण राहायची. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. बांगड्यांच्या टोपलीवर दोघींची चूल पेटायची. बांगड्या भरणं म्हणजे काही गंमत नव्हे हं. डाव्या हातानं समोरचीचा पंजा दाबून मऊ करायचा, उजव्या हातानं बांगडी सरकवायची, आणि तिनं ‘आई गं’ म्हणायच्या आत बांगडी मनगटात जायला हवी. हौसाचा डावा हात इतका हलका, की आडदांड हाताच्या बायकासुद्धा तिच्यापुढे हसत हसत बसायच्या.

एका सकाळी टोपली घेऊन पायऱ्या उतरताना हौसाचा पाय सटकला. बाईनं टोपली छातीशी धरली आणि ती स्वतः डाव्या हातावर आपटली. टोपली वाचली, मनगट मोडलं.

“अगं बये, टोपली सोडायची ना!” सासू ओरडली.

“सोडली असती तर बांगड्या फुटल्या असत्या, आत्याबाई,” हौसा रडता रडता म्हणाली. अशी ती बाई!

नेमका तो दिवस दाजीबांच्या सन्मानाचा होता. राजानं त्यांना दरबारात बोलावलं होतं. जरीचं पागोटं पाठवलं होतं, दारात मेणा उभा होता, भोई ‘चला, चला’ करत होते. दाजीबांनी भराभर हौसाच्या हाताला लेप लावला, कामट्या बांधल्या आणि ते मेण्यात जाऊन बसले.

पुढे पट्टी सुटली तेव्हा हौसाचं मनगट पळीच्या दांड्यासारखं वाकलेलं निघालं. पंजा धड मिटेना, धड उघडेना. तशीच ती पाटलीणबाईंना बांगड्या भरायला गेली. पहिली बांगडी फुटली. दुसरीही फुटली. तिसरीच्या वेळी पाटलीणबाईंचं ‘आई गं’ वरच्या देवळापर्यंत ऐकू गेलं. हौसानं कसंबसं हसून वेळ मारून नेली, पण घरी येऊन पदरात तोंड खुपसून पोटभर रडली. हातच गेला तर दोघींनी खायचं काय?

ती दाजीबांकडे गेली. दाजीबांनी हात नुसता लांबून पाहिला.

“आंबट खाल्लंस का?”

“एक कैरीची फोड तेवढी खाल्ली होती, वैद्यबुवा.”

“मग! पथ्य मोडायचं आणि वैद्याच्या नावानं रडायचं. जा आता.”

हौसाला ते खरंच वाटलं. घरी येऊन तिनं कैरीच्या लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. सासू मात्र खमकी होती. तिनं सुनेला ओढत खालच्या गावातल्या एका वृद्ध वैद्यांकडे नेलं. त्यांनी मनगट चाचपलं आणि मान हलवली.

“पोरी, हाड अजून कोवळं आहे. आत्ता मोकळं करून पुन्हा बसवलं तर हात परत येईल. एकदा पक्कं धरलं, की मग काही उपाय नाही.”

“मग बसवा ना, बाबा!”

“आमच्यात रीत आहे. एकानं बांधलेल्या हाडाला दुसरा वैद्य हात लावत नाही. दाजीबांनी ‘माझं चुकलं’ म्हणावं, नाहीतर पंचांनी तसं ठरवावं. मग मी यायला तयार आहे. पण वेळ लावू नका.”

आता आली का पंचाईत! पंचांपुढे दाजीबांच्या विरुद्ध बोलणार कोण? हौसा दारोदार फिरली. ज्याच्या त्याच्या घरात दाजीबांनी कोणाचा ना कोणाचा हातपाय बसवलेला. कोणी म्हणालं, “अगं, तो देवमाणूस!” कोणी म्हणालं, “उद्या मी पडलो तर मला कोण बांधेल?” आणि एकीनं तर लोणच्याच्या बरणीकडे बघत सांगितलं, “तुझ्या नशिबातच होतं बघ, हौसा.” बरणी हौसाचीच होती, हे सांगायला नकोच.

शेवटी ती विसोबा मुखत्यारांकडे गेली. मुखत्यार म्हणजे ज्याला पंचांपुढे बोलता येत नाही, त्याच्या वतीनं बोलणारा माणूस. विसोबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पण ते लगेच हो म्हणेनात. कारण लहानपणी चिंचेवरून पडून विसोबांचा पाय मोडला होता, आणि तो बसवला होता दाजीबांनीच.

“ज्यांनी पाय दिला, त्यांनाच चावडीवर उभं करणार?” विसोबांच्या बायकोनं आतून विचारलं. “लोक तोंडात शेण घालतील!”

विसोबा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. पाय कसा सरळ पडत होता! त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग उंबऱ्याशी बसलेल्या हौसाच्या हाताकडे पाहिलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हा पाय मिळाला म्हणून तो हात गेला तरी चालेल, असं कुठं असतं का?

“हौसाबाई,” ते म्हणाले, “मी तुमच्या बाजूनं बोलतो. पण आधी एकदा वैद्यबुवांच्या घरी जाऊन येऊ द्या.”

ते गेले, दाजीबांच्या पाया पडले आणि हात जोडून म्हणाले, “वैद्यबुवा, हौसाचा हात पुन्हा बसवायला हवा. घरातल्या घरात मिटवू.”

दाजीबा असे भडकले, की पागोट्याचा तुरा थरथरायला लागला. “मी बसवलेल्या पायानं चालत येतोस आणि मलाच जाब विचारतोस?”

“पाय तुमचाच आहे, बुवा. म्हणून तर आधी इथं आणला. आता चावडीवर नेतो.”

झालं! गावभर एकच बोभाटा. विसोबा कृतघ्न, हौसा लबाड आणि कैरी आंबट, असा निकाल पंच बसायच्या आधीच लागून गेला.

चावडीवर पाटील पंचांसह बसले. दाजीबा पागोटं घालून, मिशीला पीळ देऊन आले. गाव लोटलं. पाटलांनी विचारलं, “विसोबा, वैद्यबुवांच्या विरुद्ध साक्ष द्यायला कोण आहे?”

“कोणी नाही, पाटील.”

लोक खदाखदा हसले. हौसाचा चेहरा उतरला.

“विरुद्ध कोणीच बोलू नये,” विसोबा पुढे म्हणाले. “मला वैद्यबुवांचं कौतुक करणारी माणसं हवीत. त्यांच्या हातून ज्यांना गुण आला, त्यांनी पुढे यावं.”

मग काय विचारता! अशी झुंबड उडाली, की एकजण चावडीच्या पायरीवरून पडता पडता वाचला. शिदोबा पैलवान सगळ्यांना कोपरानं ढकलत पुढे आला.

“माझा खांदा निखळला होता. बुवांनी असा बसवला, की पुढची कुस्ती मीच मारली!”

“वा! बसवताना आधी काय केलं त्यांनी?”

“आधी माझा धड खांदा चाचपला. डोळे मिटून, कितीतरी वेळ. मी ओरडलो, बुवा, तो नव्हे, दुसरा! तर म्हणाले, गप रे, मला कळतं.”

लोक हसले. तुळसा गवळण पुढे आली. “माझ्या कोपराच्या वेळी तेच! मी म्हटलं, अगं बाई, वैद्यबुवांना दिसत नाही की काय? दुखतोय डावा आणि हे धरून बसलेत उजवा!”

“माझ्या पायाचंही तेच,” विसोबा म्हणाले. “मी तर त्यांना लाथ मारली होती. चांगल्या पायानं.”

आता पाटलांनाही राहवेना. “आणि माझं मनगट! घोड्यावरून पडलो तेव्हा हे आपले धड मनगटच कुरवाळत बसले. मला वाटलं, म्हातारा खुळावला.”

चावडीवर हशा पिकला. दाजीबाही खूश होऊन हसत होते. विसोबांनी त्यांच्याकडे वळून नम्रपणे विचारलं, “बुवा, असं का करता हो? आम्हा अडाण्यांना जरा सांगा.”

दाजीबांनी छाती फुगवली. “अरे, त्यातच तर सगळं आहे! मोडलेलं हाड पूर्वी कसं होतं, हे वैद्याला कोण सांगणार? देवानं प्रत्येकाच्या अंगावर नमुना दिलाय. दुसरा हात. तो आधी बोटांनी वाचायचा, मग मोडलेला तसाच बसवायचा. नमुना न बघता हाड बसवणारा वैद्य नव्हेच, तो सुतार!”

“लाख बोललात,” विसोबा म्हणाले. मग ते हौसाकडे वळले. “हौसाबाई, बुवा तुमचा डावा हात बांधत होते, तेव्हा तुमचा धड हात कुठं होता?”

हौसा गोंधळली. असं काही कोणी विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“उजवा होय? तो वर होता की. बुवांचा आरसा धरून.”

“आरसा?”

“बुवांना पागोटं नीट बसलंय का ते बघायचं होतं ना. म्हणाले, हौसा, तुझा हा हात रिकामाच आहे, जरा आरसा धर. मी धरला. बुवा आरशात बघत होते आणि खाली पट्टी गुंडाळत होते.”

चावडीवर कोणी हसलं नाही. पाटील दाजीबांकडे बघायला लागले, पैलवान जमिनीकडे बघायला लागला. ज्या लोकांनी आत्ता घसा फोडून कौतुक केलं होतं, त्यांनाच आता कळलं की आपण कोणाच्या बाजूनं साक्ष दिली.

दाजीबांनी डोळे मिटले. पहिल्यांदाच त्यांनी हौसाचा उजवा हात हातात घेतला आणि बोटांनी चाचपला, अगदी सावकाश. नंतर डावा घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोक्यावरचं पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं.

“चूक माझी,” ते म्हणाले. “कैरीची नव्हे.”

हौसाची सासू मोठ्यानं म्हणाली, “ऐकलंस का गं? आता आधी ती लोणच्याची बरणी परत आण!” आणि इतका वेळ कोंडलेलं हसू सगळ्या चावडीभर फुटलं.

पाटलांनी निकाल दिला. हौसाचा हात पुन्हा बसवायचा, आणि तो बरा होईपर्यंत दाजीबांनी तिचं घर चालवायचं. “हौसाबाई, खालच्या गावचे वैद्य बोलावू का?”

हौसानं थोडा विचार केला. “बोलवा. त्यांनी शेजारी बसून लक्ष ठेवावं. पण बसवायचा दाजीबांनीच. या वेळी माझा दुसरा हात मोकळा आहे.”

तसंच झालं. दाजीबांनी धड हात इतका वेळ चाचपला, की खालच्या गावचे वैद्य भिंतीला टेकून घोरायला लागले. मग त्यांना उठवून, विचारून, हाड पुन्हा मोकळं करून, बसवून हात बांधला. हौसा तेव्हा अशी किंचाळली की विचारू नका, पण कामट्या सरळ बसल्या.

आणि पुढची गंमत तर ऐका! हौसाचं घर चालवायचं म्हणजे काय, हे दाजीबांनी फारच मनावर घेतलं. टोपली डोक्यावर घेऊन ते स्वतः दारोदार जायला लागले. हौसा बाजूला बसून सांगायची, “दाबा. एवढं नको, बुवा! हाड नव्हे ते, बाईमाणसाचा पंजा आहे.” सुरुवातीला भरल्या त्याहून जास्त बांगड्या फुटल्या. सगळ्या फुटक्या काचा दाजीबांच्या नावावर. बायका मात्र मुद्दाम त्यांच्याकडूनच भरून घ्यायच्या, कारण एवढी करमणूक गावात दुसरी नव्हती.

हौसाचा हात सुटला. अगदी पूर्वीसारखा झाला असं नाही, मनगट एका बाजूला जरासं कललेलं राहिलंच. पण पंजा मिटत होता, उघडत होता, आणि पाटलीणबाईंनी बांगड्या भरून घेतल्या तेव्हा वरच्या देवळापर्यंत काहीही ऐकू गेलं नाही. दाजीबांनी आपला आरसा तिला देऊन टाकला. बायका त्यात बांगड्या भरलेले हात निरखायच्या.

पुढे एकदा पाटील पुन्हा घोड्यावरून पडले. त्यांना दाजीबांच्या ओसरीवर आणलं. राजाचा मेणा पुन्हा दारात उभा होता, भोई पुन्हा ‘चला, चला’ करत होते. दाजीबांनी त्यांना थांबायला सांगितलं, डोळे मिटले आणि पाटलांचा एक हात हातात घेतला.

“अहो, तो नव्हे!” पाटील कळवळून ओरडले. “दुसरा, दुसरा!”

समोरच्या अंगणात हौसा बांगड्या भरत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “ओरडू द्या त्यांना, बुवा. तुम्ही धरलाय तोच बरोबर आहे.”

तात्पर्य: ज्यानं आपलं भलं केलं, त्याच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर गप्प बसणं म्हणजे उपकार फेडणं नव्हे. ज्याला सोसावं लागलं त्याच्या बाजूनं बोलावं; त्यानं त्याला न्याय मिळतो, आणि चुकणाराही पुन्हा शहाणा होतो.