मठाचा किराणा

“...मग आता माझ्यात अहंकार कितीसा उरला असेल, आई?”

नाडगौडांनी विचारलं तेव्हा त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. चढ संपवून ते नुकतेच मठाच्या अंगणात पोचले होते. सायकलच्या कॅरिअरवर तांदळाचं पोतं, त्यावर गुळाची ढेप, हँडलला दोन्हीकडं डाळीच्या पिशव्या.

मठ सांभाळणाऱ्या सगुणाआई ओसरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी पी आधी.”

नाडगौडा पाणी प्यायले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस. दारात चारचाकी असताना पाडव्याला त्यांनी ती सोडली आणि मठाचा किराणा सायकलवरून वाहायचं व्रत घेतलं. सुरुवातीला गुडघे दुखले. मग बाजारातली माणसं हात जोडू लागली, तसं दुखणं कमी झालं. अलीकडं तर मोटारीतून दर्शनाला येणाऱ्यांना ते पायथ्याशीच अडवून सांगत, “गाडी इथंच ठेवा. चढ जरा पायांना कळू दे.”

“गाडीचं काय केलंस?” आईंनी विचारलं.

“झाकून ठेवलीय. चावी देवापुढं. तिला हात लावायचा नाही, असा नेम आहे.”

“कुणी मागितली तर?”

आईंनी सहज विचारलं होतं. हो-नाही काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती...

“परवा इलाही आला होता,” नाडगौडा म्हणाले. “आमच्या शेजारचा. गाद्या शिवतो. त्याच्या आईला श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यायला गाडी मागत होता.”

“मग?”

“मी म्हटलं, माझं व्रत आहे.”

आईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“मग म्हणाला, सायकल तरी द्या, मागं बसवून नेतो.” नाडगौडांचा आवाज खाली गेला. “सायकलवर मठाचं सामान बांधलेलं होतं. नीट, घट्ट बांधलं होतं. म्हटलं, दोरी सोडायला वेळ जाईल. तू रिक्षा बघ...”

“मिळाली रिक्षा?”

“नाही. भाजीच्या हातगाडीवर घालून नेलं त्यानं. म्हातारीचे पाय बाहेर लोंबत होते. मी फाटकातून पाहत होतो.”

“आणि तू?”

“मी... किराणा घेऊन इकडं आलो.”

त्याच दिवशी मठाच्या पंगतीत सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक झालं होतं. हात जोडून, मान खाली घालून त्यांनी ते ऐकूनही घेतलं होतं. आता त्या आठवणीनं त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

सगुणाआई उठल्या. अंगणात येऊन सायकलपाशी उभ्या राहिल्या.

“दोरी सोड.”

नाडगौडांनी टोक धरून ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली. ढेप घरंगळून मातीत पडली.

दोरी हातात घेऊन ते तिच्याकडं बघत राहिले... वर बघायचा धीर त्यांना होईना.

आईंनी स्वतःच्या हातानं पोतं खाली ढकललं, पदर खोचला आणि कॅरिअरवर बसल्या.

“चल दवाखान्यात.”

हँडल धरून नाडगौडा उतार उतरले. बाजारातून जाताना लोक थांबून बघत होते, काहींनी हातही जोडले. त्यांना वाटलं, कुणी बघू नये.

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर इलाही चहा पीत बसला होता. यांना पाहून तो लगबगीनं उठला आणि आईंना उतरता यावं म्हणून त्यानं सायकल धरली.

“साहेब, तुम्ही कशाला तसदी घेतली? आता बरी आहे ती.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं नाडगौडांना वाटून गेलं.

आत कोपऱ्यातल्या खाटेवर त्याची आई हुरमतबी उशीला टेकून बसली होती. नाकाला नळी होती. नाडगौडांना बघताच तिनं हातानं जवळ बोलावलं.

“सायेब, व्रत मोडलं न्हाई न्हवं तुमचं?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“ह्यो फाटकातनं चिडून आला,” तिनं इलाहीकडं बोट केलं. “मीच म्हटलं, गप ऱ्हा. त्येंनी देवाच्या नावानं सोडलंय. माझ्यापायी मोडाय नगं... लई धाकधूक लागली हुती मला.”

एवढं बोलून तिला धाप लागली. इलाहीनं तिची पाठ चोळली. नाडगौडा खाटेच्या कडेला उभेच होते. काही वेळानं ते वाकले आणि चादरीबाहेर आलेल्या तिच्या पावलांवर डोकं ठेवलं. तिनं संकोचून पाय ओढून घेतले.

“अवं, हे काय? मोठी माणसं तुम्ही...”

बाहेर पडल्यावर आई पायीच निघाल्या. नाडगौडा सायकल ढकलत मागं चालले. बाजार मागं पडला, तेव्हा ते कसंबसं म्हणाले,

“आई, गाडी इलाहीच्या दारात लावतो. चावी त्याच्याकडं राहील.”

“लाव.”

“आणि उद्यापासून मठाचा किराणा? सायकलवरून आणू की नको?”

“आण की. सायकलवरूनच आण.”

नाडगौडांनी श्वास सोडला. आई चार पावलं पुढं गेल्या, थांबल्या आणि मागं वळून म्हणाल्या,

“तुझा ‘मी’ तेवढा आणू नकोस.”